म्युनिकने सोडलेली वाट कीलने का धरली?

जर्मनीतील सरकारी संगणक, विंडोज आणि लिनक्स यांच्या दोन दशकांच्या स्पर्धेचा आढावा

मार्च २००३ मध्ये मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे मुख्य कार्यकारी अधिकारी स्टीव्ह बाल्मर स्वित्झर्लंडमध्ये स्कीइंगच्या सुट्टीवर होते. ती सुट्टी अर्ध्यावर सोडून ते म्युनिकला आले आणि शहराचे महापौर ख्रिस्तियान ऊडे यांना भेटले. जर्मनीतील महापौर मुंबई-पुण्याच्या महापौरासारखा प्रामुख्याने मानाचा धनी नसतो. म्युनिकचा महापौर थेट जनतेतून निवडून येतो आणि प्रशासनाचा प्रमुखही तोच असतो. तरीही जगातील सर्वांत बलाढ्य सॉफ्टवेअर कंपनीच्या प्रमुखाने एका शहराच्या कारभाऱ्याकडे स्वतः जावे, ही घटना असामान्य होती.

कारणही तसेच होते. म्युनिक महापालिकेचे सुमारे १४ हजार संगणक विंडोज एनटी ४.० या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालत होते आणि मायक्रोसॉफ्टने तिची देखभाल बंद करण्याचे ठरवले होते. विंडोजची नवी आवृत्ती घ्यायची की विंडोजच सोडून लिनक्सकडे वळायचे, असा प्रश्न महापालिकेपुढे होता. बाल्मर यांच्या भेटीचा उपयोग झाला नाही. २८ मे २००३ रोजी नगरसभेने लिनक्सच्या बाजूने कौल दिला आणि ती बातमी जगभर गाजली. चौदा वर्षांनी, २०१७ मध्ये, त्याच नगरसभेने विंडोजवर परतण्याचा निर्णय घेतला. तीही बातमी तितकीच गाजली आणि सरकारी कचेऱ्यांत लिनक्स चालत नाही, असा निष्कर्ष अनेकांनी काढून टाकला.

मात्र एप्रिल २०२४ मध्ये जर्मनीच्या उत्तर टोकाला असलेल्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने, म्हणजे कील येथील सरकारने, आपल्या सुमारे ३० हजार संगणकांसाठी नेमकी तीच वाट धरली. म्युनिकचा अनुभव डोळ्यांसमोर असताना हे धाडस का केले गेले? या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले की एक गोष्ट लक्षात येते. म्युनिकमध्ये निकाल लागला तो ऑपरेटिंग सिस्टिमच्या गुणदोषांवर फारसा नव्हे. तो लागला कागदपत्रांच्या नमुन्यांवर, खात्यांच्या रचनेवर आणि राज्यकर्त्यांच्या चिकाटीवर.

दोन प्रकारचे करार

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे संगणकाचे यंत्र आणि त्यावर चालणारे कार्यक्रम यांच्यातील व्यवस्थापक. कोणत्या कार्यक्रमाला किती स्मृती द्यायची, कोणती फाइल कोठे ठेवायची, छपाईयंत्राशी कसे बोलायचे, हे सारे ती ठरवते. विंडोजसारख्या व्यावसायिक प्रणालीत ग्राहक विकत घेतो तो वापराचा परवाना. तिचा मूळ संकेत, म्हणजे प्रोग्रामरांनी लिहिलेली संहिता, कंपनीच्या ताब्यात राहते. कोणती आवृत्ती केव्हा बंद करायची, किंमत किती ठेवायची, कोणत्या त्रुटी आधी दुरुस्त करायच्या, हे निर्णयही कंपनीचेच असतात.

मुक्तस्रोत प्रणालीचा करार वेगळा असतो. लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा लिहिण्यास आरंभ केला. त्याआधी, १९८३ मध्ये, अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली होती आणि पुढे या विचाराला कायदेशीर परवान्याचे रूप दिले होते. मूळ संकेत कोणीही वाचावा, बदलावा आणि वाटावा, मात्र बदललेली आवृत्ती वाटताना इतरांनाही तोच हक्क द्यावा, असे हा परवाना सांगतो. येथे मुक्त याचा अर्थ फुकट असा नाही. बसवणे, देखभाल, प्रशिक्षण आणि दुरुस्ती यांचे पैसे पडतातच. फरक इतकाच, की हे काम एका कंपनीने नीट केले नाही तर दुसऱ्या कंपनीला देता येते.

या चळवळीत जर्मनीचे स्थान प्रेक्षकाचे नव्हते. लिनक्सवर व्यवसाय उभारणाऱ्या आरंभीच्या कंपन्यांपैकी सुझे ही १९९२ मध्ये न्यूरेंबर्गशेजारच्या फ्युर्थ येथे स्थापन झाली. लिनक्सला सामान्य वापरकर्त्यासाठी खिडक्या आणि बटणांचा चेहरा देणारा केडीई हा प्रकल्प १९९६ मध्ये माथियास एट्रिश या ट्युबिंगेनच्या विद्यार्थ्याने सुरू केला. मार्को ब्योरिस या मुलाने १९८५ मध्ये, शाळकरी वयात, ल्युनेबुर्ग येथे एक कंपनी काढली. तिचे स्टारऑफिस १९९९ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने विकत घेतले आणि पुढच्याच वर्षी त्याचा संकेत खुला केला. त्यातून ओपनऑफिस आणि २०१० मध्ये लिब्रेऑफिस जन्मले. आज श्लेस्विग-होल्स्टाइनचे कर्मचारी ज्या लिब्रेऑफिसमध्ये पत्रे लिहितात, त्याचे मूळ हॅम्बुर्गच्या दक्षिणेस थोड्याच अंतरावर असलेल्या या गावात आहे.

स्वस्त बोली नाकारणारे शहर

म्युनिकच्या २००३ च्या निर्णयाबद्दल एक गैरसमज रूढ आहे, की शहराने पैसे वाचवण्यासाठी लिनक्स घेतले. त्या वेळी प्रसिद्ध झालेल्या वृत्तांनुसार मायक्रोसॉफ्टने आपली बोली ३ कोटी ६६ लाख डॉलरवरून टप्प्याटप्प्याने २ कोटी ३७ लाखांपर्यंत खाली आणली होती. अखेरीस ती लिनक्सच्या प्रस्तावाहून स्वस्त ठरत होती. तरीही शहराने ती नाकारली. सल्लागारांच्या तुलनात्मक अहवालात केवळ खर्च पाहिला तर विंडोज सरस होते. एका पुरवठादारावरचे अवलंबित्व, दीर्घकालीन लवचीकता अशा धोरणात्मक निकषांवर लिनक्स पुढे होते. नगरसभेतील एसपीडी आणि ग्रीन्स यांच्या बहुमताने दुसऱ्या निकषांना अधिक वजन दिले.

बाल्मर यांनी २००१ मध्ये एका मुलाखतीत लिनक्सची तुलना कर्करोगाशी केली होती. बौद्धिक संपदेला जडणारा रोग, असे त्यांचे म्हणणे होते. म्युनिकचा निर्णय त्या वातावरणात आला. हे शहर यशस्वी झाले तर युरोपातील शेकडो महापालिका त्याचे अनुकरण करतील, हे दोन्ही बाजूंना ठाऊक होते. किंमत इतकी खाली येण्यामागचे कारणही तेच.

जून २००४ मध्ये नगरसभेने सविस्तर आराखड्याला मंजुरी दिली आणि प्रकल्पाला लिमुक्स हे नाव मिळाले. दोनच महिन्यांत तो अडला. युरोपीय संघात त्या वेळी सॉफ्टवेअरवरील पेटंटांचा कायदा विचाराधीन होता आणि तो झाला तर लिनक्स वापरणाऱ्या शहरावर दावे ठोकले जातील, अशी शंका पुढे आली. ग्रीन्स पक्षाच्याच एका नगरसेवकाने ती मांडली होती. कायदेशीर सल्ल्यानंतर काम पुन्हा सुरू झाले. पुढे जुलै २००५ मध्ये युरोपीय संसदेने तो प्रस्तावित कायदा प्रचंड बहुमताने फेटाळला. प्रत्यक्ष कर्मचाऱ्यांच्या टेबलावर लिमुक्स पोहोचू लागले ते सप्टेंबर २००६ मध्ये.

यंत्र बदलणे सोपे, कागद बदलणे कठीण

प्रकल्पाला पूर्णत्वास जाण्यासाठी २०१३ साल उजाडले. इतका काळ का लागला, हे समजून घेतल्याखेरीज पुढची माघारही समजत नाही.

संगणकावरून एक प्रणाली काढून दुसरी बसवणे हे काही तासांचे काम असते. महापालिकेत मात्र संगणकाबरोबर वर्षानुवर्षांच्या सवयी आणि कागद येतात. म्युनिकमध्ये पत्रे, दाखले, नोटिसा आणि अर्ज यांचे सुमारे २० हजार नमुने आणि त्यांना जोडलेल्या छोट्या स्वयंचलित आज्ञावल्या होत्या. त्यांतील बहुतेक मायक्रोसॉफ्ट ऑफिससाठी लिहिलेल्या होत्या. कोणी लिहिल्या, कोणत्या अजून वापरात आहेत, एकाच कामासाठी किती खात्यांनी किती वेगळे नमुने केले आहेत, याची एकत्र नोंद कोठेच नव्हती. प्रकल्पातील मंडळींना आधी हा गुंता सोडवावा लागला. त्यातून पत्रलेखन आणि अर्जांचे नमुने हाताळणारे वोल्मुक्स नावाचे साधन त्यांनी स्वतः तयार केले आणि २००८ मध्ये ते सर्वांसाठी खुले केले. २००९ च्या अखेरीस ओपनऑफिस आणि ओडीएफ हे खुले दस्तऐवज-स्वरूप संपूर्ण महापालिकेत रूढ झाले होते. लिनक्स तोवर थोड्याच टेबलांवर पोहोचले होते.

ही अडचण मराठी वाचकाला परकी वाटू नये. युनिकोड रूढ होण्याआधी मराठी वृत्तपत्रे आणि प्रकाशने निरनिराळ्या कंपन्यांचे टंक वापरत. श्रीलिपीत जुळवलेला मजकूर आकृतीच्या टंकात उघडला, की पडद्यावर अगम्य अक्षरांची रांग उमटत असे. मजकूर लेखकाचा आणि कागद प्रकाशकाचा असला, तरी तो वाचण्याची किल्ली टंकाच्या निर्मात्याकडे होती. त्या काळातील कितीतरी पुस्तकांचा आणि अंकांचा मजकूर आज वापरायचा तर परिवर्तकातून काढून ओळीओळीने तपासावा लागतो. म्युनिकच्या २० हजार नमुन्यांची गोष्ट याच जातीची आहे. बंदिस्त स्वरूपात साठवलेला दस्तऐवज हाच पुरवठादाराच्या कह्यात जाण्याचा खरा दुवा असतो. ऑपरेटिंग सिस्टिमचा क्रमांक त्यानंतर लागतो.

दुसरी अडचण होती खास कामांच्या सॉफ्टवेअरची, ज्यांना जर्मन प्रशासनात फाखफेरफारेन म्हणतात. जन्म-मृत्यू नोंदणी, वाहनपरवाने, सामाजिक साहाय्य, बांधकाम परवानग्या अशा प्रत्येक कामासाठी वेगळा कार्यक्रम असतो. तो एखादी विशेषज्ञ कंपनी तयार करते आणि त्या काळात असे बहुतेक कार्यक्रम फक्त विंडोजवर चालत. म्हणून काही संगणक विंडोजवरच ठेवावे लागले, तर काही ठिकाणी लिनक्सच्या पडद्यावर दुरून विंडोज चालवावी लागली.

तिसरी अडचण प्रशासकीय होती. म्युनिकमध्ये वीसहून अधिक खात्यांचे आपापले संगणक विभाग होते. प्रत्येकाची यंत्रे, सुरक्षेचे नियम आणि सांकेतिक नावांची पद्धत वेगळी होती. लिमुक्स हा त्या अर्थाने केवळ लिनक्सचा प्रकल्प राहिला नाही. तो महापालिकेच्या संपूर्ण संगणकव्यवस्थेच्या एकत्रीकरणाचा प्रकल्प झाला आणि त्या एकत्रीकरणातील प्रत्येक कुरबुरीचे खापर लिनक्सवर फुटू लागले.

तरीही २०१३ च्या अखेरीस सुमारे १५ हजार संगणकांवर लिमुक्स चालत होते. आरंभीचे उद्दिष्ट ८० टक्क्यांचे होते. प्रकल्पाने ते ओलांडले होते.

हिशेब कोणाचा खरा?

नोव्हेंबर २०१२ मध्ये महापालिकेने हिशेब मांडला: लिमुक्सवरचा खर्च सुमारे २ कोटी ३० लाख युरो, विंडोजवर राहिले असते तर ३ कोटी ४० लाख, म्हणजे बचत १ कोटी १० लाखांची. थोड्याच दिवसांत मायक्रोसॉफ्टने करवून घेतलेल्या एका अभ्यासाचे आकडे बाहेर आले. हा अभ्यास एचपी कंपनीने केला होता. त्यानुसार लिनक्सचा खर्च ६ कोटी युरोंच्या घरात होता आणि विंडोज कितीतरी स्वस्त पडली असती. महापालिकेने या अभ्यासाची गृहीतके चुकीची असल्याचे सांगितले.

दोन आकड्यांतील ही दरी केवळ पक्षपातातून आलेली नाही. अशा हिशेबात काय धरायचे, हाच वादाचा विषय असतो. नमुन्यांची साफसफाई, खात्यांचे एकत्रीकरण, कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण ही कामे विंडोजची नवी आवृत्ती घेतली असती तरी काही प्रमाणात करावीच लागली असती. ती लिनक्सच्या खात्यात टाकली की लिनक्स महाग दिसते. उलट, विंडोजवरच चालणारे उरलेले कार्यक्रम सांभाळण्याचा दुहेरी खर्च वगळला की लिनक्स स्वस्त दिसते. सरकारी मुक्तस्रोत प्रकल्पाचा आकडा वाचताना त्यात कोणकोणती कामे धरली आहेत, हे आधी विचारले पाहिजे.

माघार

२०१४ मध्ये ऊडे निवृत्त झाले आणि त्यांच्याच एसपीडी पक्षाचे डीटर राइटर महापौर झाले. राइटर यांनी आपण मायक्रोसॉफ्टचे चाहते असल्याचे एका मुलाखतीत उघडपणे सांगितले होते. महापौर होण्याआधी ते शहराच्या श्रम आणि अर्थव्यवस्था खात्याचे प्रमुख होते. मायक्रोसॉफ्टने आपले जर्मन मुख्यालय उंटरश्लाइसहाइम या उपनगरातून म्युनिकच्या श्वाबिंग भागात आणण्याचा निर्णय त्याच काळातला. २०१६ मध्ये हे स्थलांतर पूर्ण झाले. या दोन घटनांचा परस्परसंबंध अनेकांनी जोडला. तसा संबंध असल्याचे महापालिकेने नाकारले.

नव्या कारभाऱ्यांनी कर्मचाऱ्यांच्या तक्रारी पुढे केल्या: बाहेरून आलेल्या फाइल नीट उघडत नाहीत, ई-मेल आणि कॅलेंडर भ्रमणध्वनीशी जुळत नाहीत, कामे रेंगाळतात. तक्रारी खऱ्या होत्या. ई-मेल आणि कॅलेंडरची अडचण मात्र टेबलावरच्या लिनक्सची नसून मागच्या सर्व्हरव्यवस्थेची होती. २०१६ मध्ये ॲक्सेंचर आणि आणखी एका सल्लागार संस्थेने अहवाल दिला. ॲक्सेंचर ही मायक्रोसॉफ्टची व्यावसायिक भागीदार असल्याने टीकाकारांनी तिच्या निवडीवर आक्षेप घेतला. तरीही त्या अहवालातला भर प्रामुख्याने खात्यांच्या विस्कळीत रचनेवरच होता. खुद्द महापालिकेच्या संगणक विभागाच्या प्रमुखांनी २०१७ मध्ये जाहीरपणे सांगितले, की विंडोजवर परतण्यासाठी निकडीचे तांत्रिक कारण दिसत नाही.

निर्णय राजकीय होता आणि तो राजकीय पातळीवरच झाला. फेब्रुवारी २०१७ मध्ये नगरसभेने दिशा ठरवली आणि २३ नोव्हेंबर २०१७ रोजी एसपीडी आणि सीएसयू यांच्या बहुमताने विंडोजवर परतण्यास अंतिम मंजुरी मिळाली. महापालिकेचे संगणक तोवर सुमारे २९ हजार झाले होते आणि या परतीसाठी सुमारे ५ कोटी युरो मंजूर झाले. म्युनिक एकटे नव्हते. जर्मनीच्या परराष्ट्र मंत्रालयाने त्याआधीच, २०१० च्या सुमारास, लिनक्सकडून माघार घेतली होती आणि नीडरसाक्सन राज्यानेही २०१८ मध्ये करविभागातील सुमारे १३ हजार संगणक विंडोजवर नेण्याचे ठरवले.

मे २०२० मध्ये म्युनिकमध्ये ग्रीन्स आणि एसपीडी यांची आघाडी सत्तेवर आली. तांत्रिक आणि आर्थिकदृष्ट्या शक्य असेल तेथे खुली मानके आणि मुक्तस्रोत सॉफ्टवेअर वापरावे, असे तिच्या करारात नमूद झाले. लिमुक्स मात्र परत आले नाही.

उत्तरेकडची दुसरी खेप

३ एप्रिल २०२४ रोजी श्लेस्विग-होल्स्टाइनच्या मंत्रिमंडळाने मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या जागी लिब्रेऑफिस आणण्याचा निर्णय घेतला. त्यापाठोपाठ ई-मेल, फाइलींची देवाणघेवाण, वापरकर्त्यांची नोंद ठेवणारी व्यवस्था आणि शेवटी ऑपरेटिंग सिस्टिम असा क्रम आखण्यात आला. फाइलींसाठी निवडलेले नेक्स्टक्लाउड हे श्टुटगार्टच्या कंपनीचे आहे. लिनक्सला या मालिकेत अग्रस्थान नाही, ही लक्षात घेण्याजोगी बाब आहे. आधी कागद, मग टपाल, मग यंत्र असा तो क्रम आहे.

फ्रान्सच्या राष्ट्रीय पोलीस दलाने, जांदार्मरीने, याच क्रमाने यश मिळवले होते. २००५ मध्ये ओपनऑफिस, पुढच्या वर्षी फायरफॉक्स आणि थंडरबर्ड, आणि कर्मचारी या साधनांना सरावल्यानंतर २००८ पासून लिनक्स. चिन्हे आणि कार्यक्रम ओळखीचे राहिल्याने खालची प्रणाली बदलल्याचा फारसा धक्का बसला नाही. आज तेथील ७० हजारांहून अधिक संगणक लिनक्सवर चालतात. हा क्रम म्युनिकनेही ओळखला होता. त्याच्याकडे एकसंध यंत्रणा नव्हती. श्लेस्विग-होल्स्टाइनला उत्तर जर्मनीतील राज्यांची सामाईक सरकारी संगणकसेवा डाटापोर्ट उपलब्ध आहे. शिवाय काळही बदलला आहे. खास कामांचे अनेक कार्यक्रम आता ब्राउझरमध्ये चालतात आणि ब्राउझरला खाली विंडोज आहे की लिनक्स, याने फारसा फरक पडत नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्य सरकारने ई-मेलचे स्थलांतर पूर्ण झाल्याचे जाहीर केले. ४० हजारांहून अधिक टपालपेट्या आणि दहा कोटींहून अधिक पत्रे व नोंदी एक्स्चेंज आणि आउटलुकवरून ओपन-एक्स्चेंज आणि थंडरबर्डवर नेण्यात आल्या. हा प्रवास सुरळीत झाला नाही. कर्मचाऱ्यांतून आणि न्यायालयांतून तक्रारी आल्या आणि डिजिटल खात्याचे मंत्री डिर्क श्र्योटर यांना उणिवा मान्य कराव्या लागल्या. वर्षअखेरीस, करविभाग वगळता, जवळजवळ ८० टक्के कार्यस्थळे लिब्रेऑफिसवर आल्याचे सरकारने सांगितले. परवान्यांवरची वार्षिक बचत दीड कोटी युरोंहून अधिक आणि त्यासाठीची एकवेळची गुंतवणूक ९० लाख, असा सरकारचा हिशेब आहे. म्युनिकच्या आकड्यांना लावलेली कसोटी याही आकड्यांना लावायला हवी. लिनक्सचा टप्पा, म्हणजे सर्वांत अवघड भाग, अजून पुढेच आहे.

प्रश्न आता केवळ पैशांचा नाही

श्र्योटर हे सीडीयू या उजवीकडे झुकलेल्या पक्षाचे मंत्री आहेत. २००३ मध्ये म्युनिकमध्ये लिनक्सला विरोध करणारा सीएसयू हा त्याच पक्षाचा बव्हेरियातील सहोदर. हा बदल कसा घडला?

२००३ मध्ये बाजारातील मक्तेदारी हा कळीचा मुद्दा होता. आता सार्वभौमत्वाचा मुद्दा पुढे आला आहे. कार्यालयीन सॉफ्टवेअर हळूहळू टेबलावरच्या संगणकातून कंपनीच्या क्लाउडमध्ये गेले. पूर्वी परवाना संपला तरी जुनी आवृत्ती आणि फाइल कार्यालयातच राहत. आता पत्रे, बैठका आणि नागरिकांची माहिती दुसऱ्याच्या सर्व्हरवर असते. अमेरिकेच्या २०१८ च्या क्लाउड कायद्यानुसार अमेरिकी कंपन्यांना त्यांच्या ताब्यातील माहिती, ती परदेशात साठवलेली असली तरी, विशिष्ट परिस्थितीत तपासयंत्रणांना द्यावी लागू शकते. मे २०२५ मध्ये हेग येथील आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या अभियोक्त्यांचे ई-मेल खाते अमेरिकी निर्बंधांनंतर बंद झाल्याचे वृत्त आले. आपण न्यायालयाच्या सेवा थांबवल्या नाहीत, असे मायक्रोसॉफ्टने स्पष्ट केले. तरीही युरोपातील प्रशासनांत या वृत्ताने अस्वस्थता पसरली. त्या न्यायालयाने पुढे ओपनडेस्क या जर्मन मुक्तस्रोत कार्यालयीन संचाकडे वळण्याचे ठरवले. जर्मन केंद्र सरकारने डिजिटल सार्वभौमत्वासाठी स्थापन केलेले झेंडिस हे केंद्र या संचाचे काम पाहते.

दुसरीकडे, व्यावसायिक आणि मुक्तस्रोत ही रेषाही पूर्वीइतकी ठळक राहिलेली नाही. सत्या नाडेला यांच्या नेतृत्वाखाली मायक्रोसॉफ्टने २०१४ मध्ये लिनक्सवरील प्रेम जाहीर केले आणि २०१८ मध्ये मुक्तस्रोत संकेतांचे सर्वांत मोठे भांडार असलेले गिटहब विकत घेतले. आयबीएमने रेड हॅटसाठी ३४ अब्ज डॉलर मोजले. अँड्रॉइड भ्रमणध्वनीच्या तळाशी लिनक्सच आहे आणि जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांपैकी प्रत्येक २०१७ पासून लिनक्सवर चालतो. विंडोजचे वर्चस्व उरले आहे ते नेमके कचेरीतील टेबलावर. याचे कारण त्या टेबलावरचे कागद आणि त्यापुढे बसणाऱ्या माणसाच्या सवयी.

सवयींचे बळ महाराष्ट्राने जवळून पाहिले आहे. शासकीय नोकरीसाठी लागणाऱ्या एमएस-सीआयटी प्रमाणपत्राने लाखो मराठी तरुणांना संगणकाची पहिली ओळख करून दिली. त्या नावातील एमएस महाराष्ट्र राज्याचे असले, तरी अभ्यासक्रमात प्रामुख्याने विंडोज आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिसच होते. संगणक म्हणजे विंडोज, हे समीकरण तेथेच पक्के झाले. केरळने सरकारी शाळांत मुक्तस्रोत प्रणाली आणून वेगळा मार्ग निवडला. भारत सरकारने २०१५ मध्ये मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देणारे धोरण स्वीकारले, पण सरकारी कचेऱ्यांतील टेबलावर त्याचा प्रभाव मर्यादित राहिला. धोरणाचा कागद आणि कारकुनाचा कळफलक यांतील हे अंतर म्युनिकला चांगलेच परिचयाचे आहे.

जर्मनीतील कंपन्यांत आणि सरकारी प्रकल्पांत काम करणाऱ्या अनेक मराठी अभियंत्यांच्या समोर पुढील काही वर्षांत हे स्थलांतर प्रत्यक्ष उभे राहणार आहे. कोणी लिनक्सच्या बाजूने असेल, कोणी विंडोजच्या. म्युनिकचा अनुभव दोघांनाही सारख्याच गोष्टी तपासायला सांगतो: दस्तऐवज कोणत्या स्वरूपात साठवले आहेत, एका पुरवठादाराशिवाय काम किती दिवस चालू शकेल, आणि कर्मचाऱ्याची तक्रार आली तर तिचे मूळ शोधण्याची यंत्रणा आहे की ती थेट राजकीय व्यासपीठावर जाते. कीलच्या सरकारला याच कसोट्यांना उतरायचे आहे. तेथील पुढच्या निवडणुकीनंतर येणारे सरकारही हीच वाट चालू ठेवते का, यावर निकाल बराचसा अवलंबून राहील. म्युनिकमध्ये लिमुक्स अडले, ते याच वळणावर.